सूर्य आडवा येण्याचे दिवस

ऑक्टोबरचा पहिला आठवडा लागला की सकाळी साडेअकराच्या सुमारास माझा फोन वाजायला लागतो. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. घरांवर टीव्हीच्या डिश बसवायच्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या, पोरांनी आपटलेले रिमोट उघडून पाहायचे, हा आपला धंदा. फोनवरचा माणूस घाईत असतो.

"भाऊ, चित्र गेलं."

"ऊन हाये का तिकडे?"

"ऊन? ऊन तं लय हाये."

"मंग चहा मांडा. चहा उतरेपर्यंत येते चित्र."

आणि येतं. काही भोळ्या माणसांना वाटतं, मी दुकानात बसून कुठलं तरी बटण दाबतो. मी त्यांचा गैरसमज लगेच दूर करत नाही. कारागिराला वर्षातून आठ दिवस तरी एवढी मजा असावी.

खरी गंमत वर आहे. दक्षिणेकडे, डोक्यावरून जरा खाली, छत्तीस हजार किलोमीटरवर एक उपग्रह असतो. आपल्या सगळ्या डिश त्याच्याकडे तोंड करून उभ्या असतात. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये असे काही दिवस येतात की सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. डिश, उपग्रह, सूर्य, तिघं एका रेषेत. मग सूर्याच्या गलक्यात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो आणि पडदा निळा होतो. आठ-दहा मिनिटांत सूर्य पुढे सरकतो, की झालं. आठवडाभर रोज त्याच वेळेला हा खेळ चालतो आणि पुढचे सहा महिने कुणाला त्याची आठवणही राहत नाही.

मला राहते. मी तर वाट बघतो. कॅलेंडरवर बघायची गरज पडत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडून खडखडायला लागलं, कापलेल्या शेतांत पिकाच्या सुड्या, म्हणजे गंज्या, उभ्या राहिल्या, मळणीचा हडंबा घरघरायला लागला आणि त्यातून उडणाऱ्या भुशानं, आमच्याकडच्या कुटारानं, मोटारसायकलवर माझ्या नाका-डोळ्यांत खाज सुटली, की समजायचं, दिवस आले. पावसानं धुतलेलं आभाळ इतकं स्वच्छ असतं की उन्हाला लपायला जागा नसते. लोक या उन्हाला नावं ठेवतात. मी शिंकतो, डोळे पुसतो आणि मनातून खूश असतो.

या दिवसांत पहिला फोन दरवर्षी एकाच बाईचा येतो. किन्हीराजा गावाच्या पुढे एक लहान गाव आहे, तिथल्या सुमनमावशीचा. ती तक्रार करायला फोन करत नाही. "आला रे तुहा सूर्य," एवढंच सांगते आणि ठेवते, की मी तिच्याकडे एक फेरी मारतो. यंदा चार दिवस झाले तरी तिचा फोन आला नाही. मी लावला तर बंद. पाचव्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर अर्ध्यावरच ठेवलं आणि गाडीला किक मारली. रस्ताभर आठवत होता तो आठ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर.

त्या वर्षी मी चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी आलो होतो. नोकरी वाईट नव्हती. पण बारा तास पत्र्याखाली उभं राहून बाहेर पडलो की आभाळाचा रंगच कळायचा नाही, आणि पेरणीच्या दिवसांत मला झोप लागायची नाही. वडील थकले होते, त्यामुळे घरात मोठ्या भावाचा, दादाचा शब्द चालायचा. दादाचा हडंबा होता. सुगीत तो ट्रॅक्टरमागे हडंबा लावून गावोगाव लोकांचं सोयाबीन काढून द्यायचा. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या नव्या टूलबॉक्सकडे बघितलं आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू. जमलं तं जमलं, नाही तं बॅग भरायची अन् वापस जायचं." मी आपल्या घरावर पहिली डिश बसवतो म्हटलं, तर त्यालाही नाही म्हणाला. "पहिले लोकाच्या घरी टिकवून दाखव."

मला परत जायचं नव्हतं. साधी गोष्ट होती. मला इथंच राहायचं होतं आणि त्यासाठी हाती एक दिवाळी होती.

पहिलं मोठं काम त्या लहान गावात मिळालं. नवरात्राच्या तोंडावर एका दिवसात सात घरांवर सात डिश बसवल्या. संध्याकाळी सातही घरांतून आवाज येत होते आणि मी गल्लीतून असा चाललो होतो की जणू गावात वीज मीच आणली. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या वायरी ठोकायला गेलो. साडेअकरा वाजले आणि रामभाऊ नावाचे एक गृहस्थ अंगणात येऊन ओरडले, "अरे मिस्त्री, चित्र गेलं."

मी शिडी लावली, वर चढलो, बोल्ट ढिले केले आणि डिश फिरवायला लागलो. चित्र काही येईना. तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली, त्यांचंही गेलं होतं. मी तिकडे पळालो, तिथलेही बोल्ट ढिले केले. मग तिसरं घर. तिसऱ्या घराच्या छतावर घामाघूम होऊन मी सिग्नल शोधायचं यंत्र खिशातून काढलं, तर ते हातातून निसटलं, पन्हाळीवर आपटलं आणि खाली जनावरांच्या हौदात पडलं. गुरुत्वाकर्षणाशी माझी पहिली ओळख ही अशी.

मी हौदात हात घालून यंत्र चाचपत होतो तोवर गावातल्या चार घरांचे टीव्ही आपोआप सुरू झाले. ज्यांना मी हात लावला नव्हता, ते चार. ज्यांना लावला होता, ते तीन बंदच.

यावर गावानं जो निष्कर्ष काढायचा तो काढला. दुपारी मी एका घरासमोरून नुसता चाललो होतो, तर आतली बाई लगबगीनं बाहेर आली. "तुमी नोका चढू, बाप्पा. आमचं चालू हाये."

उरलेली दुपार मी रामभाऊंच्या छतावर घालवली. मी वरून विचारायचं, "आलं का?" रामभाऊंनी खालून सांगायचं, "नाही." मी बोटभर फिरवायचं. मला तेव्हा एवढंही माहीत नव्हतं की डिश जागेवर आली तरी चित्र उमटायला काही सेकंद जातात. मी न थांबता फिरवत राहायचो. खालून "आलं, आलं" ऐकू येईपर्यंत माझा हात पुढे गेलेला असायचा आणि लगेच आवाज यायचा, "गेलं." असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी रामभाऊंनी उत्तर देणंच सोडून दिलं. ते ओसरीवर चादर टाकून झोपले.

दुर्दैव असं की त्या आठवड्यात रामभाऊंच्याच शेतात दादाचा हडंबा लागलेला होता. संध्याकाळी जेवताना दादानं माझ्याकडे न बघता भाकरी मोडली. "शनिवारी ठेकेदाराची गाडी पोरं घेऊन चाकणले जाऊन राह्यली. तुह्यासाठी जागा ठेवाले सांगू का?" शनिवार चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी परत गावात गेलो. साडेअकराला परत त्या चालू असलेल्या चारही घरांची चित्रं गेली. यावेळी मी कुणाच्याही छतावर चढलो नाही. गावाच्या कडेला, जिथं घरं संपून शेतं लागतात, तिथं जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर लपलो होतो.

तिथं सुमनमावशी मचाणावर उभी होती. अख्ख्या शिवारात सोयाबीन होतं, फक्त तिच्या धुऱ्याकडे, बांधालगत, ज्वारीचा एक पट्टा होता, घरच्या भाकरीपुरता. सगळ्या गावाची पाखरं तेवढ्यावर उतरायची. म्हणून ती सकाळपासून गोफण घेऊन उभी. दोरीच्या एका टोकाची गाठ बोटात अडकवलेली, दुसरं टोक चिमटीत, मधल्या विणलेल्या झोळीत मातीचा खडा. डोक्यावरून दोन गरके, फट्ट असा आवाज, आणि पोपटांचा थवा हिरव्या कापडासारखा उठून पलीकडच्या बाभळीवर जायचा.

"काहून लपून राह्यला तू इथं?" ती वरूनच म्हणाली. माझ्या सात डिशांपैकी सातवी तिचीच होती, गोठ्याच्या बुटक्या भिंतीवर बसवलेली. मी म्हटलं, "मावशी, तुमचं बी गेलं असंन."

"गेलं ना. जाऊ दे. काल बी गेलं, वापस आलं. पन मी तुले एक इचारू का? ते समोरच्या दांडीवरची डबी हाये ना, ते अशी काहून चमकते?"

मी गोठ्याकडे वळून बघितलं. डिश बसल्यापासून मावशी सकाळी भांड्यांबरोबर तीही ओल्या फडक्यानं पुसायची, कुटार बसतं म्हणून. त्या लख्ख पुसलेल्या डिशवर ऊन पडलं होतं आणि ते सगळं ऊन गोळा होऊन समोरच्या दांडीवर असलेल्या त्या छोट्या डबीवर, म्हणजे उपग्रहाकडून आलेलं सगळं जिथं जमा होतं तिथंच, एका तेजस्वी ठिपक्यासारखं बसलं होतं.

"काल बी चित्र गेलं तवाच चमकली," मावशी म्हणाली. "ठिपका खाली उतरला, तवा चित्र आलं. मी मचाणावरून पाह्यलं."

मी बघतच राहिलो. ठिपका हळूहळू सरकला, डबीवरून दांडीवर उतरला. आतून टीव्हीचा आवाज आला. मी आयटीआय झालेला माणूस, खिशात पाना घेऊन फिरणारा. आणि ही गोष्ट ज्वारी राखता राखता एका बाईनं दोन दिवसांत हेरली होती. मला लाज वाटायला हवी होती. पण मला हसूच आलं, आणि कितीतरी दिवसांनी आलं.

मग मी तिला जेवढं समजलं तेवढं सांगितलं. वर उपग्रह आहे, आत्ता सूर्य त्याच्या बरोबर मागे आला होता. मावशीनं कपाळावर हात धरून वर बघितलं.

"म्हंजे तिथं एक वस्तू लटकून हाये. पडत काहून नाही मंग ते?"

मी शाळेत ऐकलेलं ठोकून दिलं. "तिथं गुरुत्वाकर्षण नसते ना मावशी. पृथ्वीची ओढ तिथपर्यंत जात नाही."

तिनं झोळीत खडा ठेवला, गोफण फिरवली आणि दोरीचं टोक सोडलं. खडा शेताच्या पार गेला. "दोरी सुटली की खडा असा पळते. ओढ नसती तं ते पळून गेलं असतं. रोज तिथंच कसं रायते? तू काय शिकला लेका?"

आजही त्या प्रश्नाचं मला कौतुक वाटतं. शाळेत गुरुत्वाकर्षण म्हणजे सफरचंद, फळा आणि पाठ करायची ओळ. या बाईनं एका खड्यात दाखवलं की ओढ आहे म्हणूनच तो तिथं आहे. उपग्रह पडत नाही असं नाही. तो सारखाच पडतो आहे. पण पडता पडता तो पुढेही धावतो आहे, आणि धावतो एवढा की जेवढा खाली येतो तेवढीच खालची गोल जमीन वळून दूर होते. त्याचं पडणं कधी संपत नाही, एवढंच. पृथ्वीभोवती एक फेरी मारायला त्याला एक दिवस लागतो, पृथ्वीही तेवढ्यातच एकदा फिरते, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा वाटतो.

मी मचाणावर चढलो आणि गोफण मागितली. मावशीनं हसत दिली. मी पोपटांच्या दिशेनं जोरात फिरवून नेमकं ती दोरी समोर आली तेव्हा सोडली. खडा पोपटांकडे न जाता भलतीकडेच, बाजूला, तिच्याच गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळला. म्हैस दचकली.

"समोर आल्यावर नाही सोडा लागत," मावशी म्हणाली. "खडा ज्या वाटेनं चालला असंन त्याच वाटेनं सरळ जाते. म्हनून तो बाजूले असतानाच सोडाचा, मंग समोर जाते."

चंद्राची दोरी उद्या कुणी कापली तर तोही असाच निघून जाईल. पृथ्वीपासून उडून नाही, तर त्या क्षणी ज्या वाटेवर असेल त्याच वाटेनं, सरळ. पुस्तकात हे मी वाचलं होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं.

मग आम्ही बेत केला. म्हणजे मावशीनं केला, मी मान डोलावली. सूर्य जर बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तर ज्या डिशच्या डबीवर त्या वेळी उजेड जमेल ती डिश उपग्रहाकडेच बघत असणार. यंत्र बिघडलं असलं तरी हरकत नाही, सूर्यच यंत्र. त्या संध्याकाळी मी गावात सांगत फिरलो, "उद्या साडेअकराले ज्यांचं चालू हाये त्यांचं बी चित्र जाईन. कोनी काही करू नोका. दहा मिनिटांत येईन. अन् त्याच येळात मी रामभाऊंचं बी चालू करून देतो." लोक माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होते. चित्र बंद पडणार हे आदल्या दिवशी सांगणारा मिस्त्री त्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून रामभाऊंच्या अंगणात माणसं जमली. दादाच्या हडंब्याची घरघर शेतातून येत होती. साडेअकराला थोडा वेळ असताना ती अचानक थांबली. भर सुगीत हडंबा थांबवणं म्हणजे पंगतीत वाढपी थांबण्यासारखं. दादा कुटारानं पांढरा झालेला, गमछ्यानं तोंड पुसत आला आणि मागच्या बाजूला लिंबाखाली उभा राहिला. मला तो शिडीजवळूनच दिसला.

मी पाण्याचा लोटा घेऊन छतावर चढलो. डिश धुतली. ऊन चकाकलं, पण ठिपका भलतीकडेच, दांडीच्या खूप खाली होता. साडेअकरा झाले. कुणाच्याच घरातून ओरड आली नाही. चारही घरांची चित्रं मजेत चालू. एक मिनिट गेलं, दोन गेली. खाली कुणीतरी खोकलं. मला चाकणच्या पत्र्याखालचा तो घाम आठवला.

मग गावाच्या कडेवरून, गोठ्याच्या बाजूनं, मावशीची खणखणीत हाक आली. "गेलं रे!"

आणि एकामागून एक घरांतून आवाज यायला लागले. गेलं. आमचं बी गेलं. माणसं हसत होती. पडदे निळे पडल्यावर टाळ्या वाजलेल्या मी आयुष्यात तेवढ्या एकदाच ऐकल्या. मी मात्र घाईत होतो. डिश जरा वर उचलली, जरा पूर्वेला वळवली. उजेडाचा ठिपका दांडीवर चढला, थरथरला, डबीच्या कडेला आला आणि मग पुरता तिच्या तोंडावर बसला. मी पान्यानं बोल्ट आवळले आणि हात मागे घेतला. त्या दिवशी तेवढं शिकलो होतो, जागेवर आलं की हात लावायचा नाही.

ठिपका आपोआप खाली सरकायला लागला. मी छतावर बसून त्याच्याकडे बघत होतो. मावशीच्या घरातून आवाज आला, दुसऱ्या घरातून आला. रामभाऊंच्या घरातून काहीच नाही. ते काही सेकंद मला अजून आठवतात. मग खालून रामभाऊ अगदी हळू, जरा नाराजीनंच म्हणाले, "आलं." भांडायची एवढी तयारी केलेल्या माणसाला एकदम भांडण मिळू नये, तसा त्यांचा आवाज होता.

मी खाली उतरलो. दादा लिंबाखाली तसाच उभा होता. त्यानं मिशांतलं कुटार झाडलं, माझ्या ओल्या शर्टाकडे बघितलं आणि विचारलं, "आपल्या घरी कव्हा लावतं?" बस, एवढंच. तो वळून शेताकडे गेला आणि थोड्या वेळानं हडंबा परत घरघरायला लागला. राहिलेल्या दोन डिश मी पुढच्या दोन दिवसांत, रोज एक, त्याच वेळेला सूर्य लावून बसवल्या. शनिवारी संध्याकाळी ठेकेदाराची गाडी मालेगावच्या चौकातून गेली तेव्हा मी आमच्या घराच्या छतावर होतो. मी तिला वरून हातही केला.

तेव्हापासून मला वरच्या सगळ्या भानगडीचं वेडच लागलं. मिळेल ते वाचत गेलो आणि वाचलेलं मावशीला सांगत गेलो. कारण तिच्यासारखं ऐकणारं दुसरं कुणी नाही. मी तिला सांगितलं, जे उपग्रह पृथ्वीजवळ असतात त्यांना जास्त जोरात पळावं लागतं, दीड तासात एक फेरी. लांबचा चंद्र मात्र रमतगमत महिनाभर घेतो. ग्रहांचंही तसंच, सूर्याच्या सगळ्यात जवळचा बुध अठ्ठ्याऐंशी दिवसांत फेरी उरकतो आणि सगळ्यात लांबच्या नेपच्यूनला दीडशेहून जास्त वर्षं लागतात. मावशीनं घराकडे हात केला. "जवळ असनाऱ्यालेच लय पळा लागते. माह्या सुनेले इचार."

एकदा खळ्यावर सोयाबीनची रास पडत होती. मी म्हटलं, बघा मावशी, दाणा कसाही पडला तरी रास सगळ्या बाजूंनी सारखीच उतरते, खालची ओढ कुणाला सोडत नाही. पृथ्वी गोल झाली ती अशीच, सगळ्या बाजूंनी सगळं आत ओढलं गेलं म्हणून. जे लहान दगड सूर्याभोवती फिरतात त्यांची ओढ कमी, म्हणून ते बटाट्यासारखे वेडेवाकडेच राहिले. ती राशीतले दोन दाणे उचलून तोंडात टाकत म्हणाली, "म्हंजे गोल व्हाले मोठं व्हा लागते." मी अजून त्यावर विचार करतो आहे.

चंद्राबद्दल सांगितलं तेव्हा ती गोफण बाजूला ठेवून ऐकत राहिली. पृथ्वीच्या ओढीनं चंद्राचं स्वतःभोवती फिरणं इतकं मंदावलं की आता तो एकच बाजू आपल्याकडे करून फिरतो, त्याची पाठ आपल्याला कधी दिसत नाही. आणि चंद्रही काही कमी नाही. तो समुद्र उचलतो, आणि सूर्याच्या साथीनं आपल्या टीव्हीच्या उपग्रहालाही जागेवरून हलवत राहतो. म्हणून त्या उपग्रहात इंधन ठेवलेलं असतं. तो जरा भरकटला की खालून सूचना जाते आणि बारीकसा धक्का देऊन त्याला परत जागेवर आणतात. ओढ असूनही असं अधूनमधून सावरावं लागतं, हे मावशीला फार पटलं. इंधन संपत आलं की त्याला आणखी वर, वाटेच्या बाहेर नेऊन सोडतात, म्हणजे नव्याला अडचण नको. "चांगले हायेत लोक," ती म्हणाली.

आम्हाला समुद्र नाही. वाशिमपासून तो कितीतरी लांब. पण ऑक्टोबरातले हे आठ दिवस मला आमची भरती वाटते. एरवी आपण पृथ्वीवर बसून सूर्याभोवती धावतो आहोत हे कुणाच्या ध्यानात येतं? वर्षभराच्या त्या फेरीत आपण त्या जागी पोचलो की टीव्ही निळा होतो आणि किन्हीराजापासून कामरगावापर्यंत माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक एकाच वेळी वर बघतं. भांडणं थांबतात, चहा होतो, एखादी बाई अर्ध्यावर राहिलेल्या मालिकेचं पुढे काय झालं असेल ते शेजारणीला सांगते. मला हे दिवस दिवाळीपेक्षा आवडतात, हे मी घरी बोलत नाही.

हल्ली फोन कमी येतात. पोरांच्या हातात मोबाइल आले, घरांवरच्या डिश रिकाम्या झाल्या. काहींत बायका मिरच्या वाळवतात, एका ठिकाणी तर कोंबडीनं अंडी घातलेली मी पाहिली. धंदा बदलला, मी आता कॅमेरे बसवतो, सोलरचे पंप दुरुस्त करतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मावशीचा फोन यायला हवा होता.

यंदा त्या पाचव्या दिवशी, साडेअकराच्या आत पोचायचं म्हणून मी गाडी अशी हाणली की कुटारानं माझ्याही भुवया पांढऱ्या झाल्या. डोक्यात नको ते येत होतं. मावशीचं वय झालं आहे. मागच्या मार्चमध्ये तिचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला होता. गावात शिरलो तर रामभाऊ ओसरीवर दिसले, त्यांनी हात केला, पण मी थांबलो नाही. घरं संपली, शेतं लागली.

ज्वारी उभी होती. आणि मचाणावर, डोक्याला पदर गुंडाळून, गोफण बोटात अडकवून मावशी उभी होती.

मी गाडी धुऱ्यावरच टाकली. पळत मचाणाखाली गेलो. मला राग आला होता आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. दोन्हीचा दोष मी कुटारावर ढकलला. "मावशी, फोन काहून बंद तुमचा? चार दिवस झाले. जीव थाऱ्यावर नव्हता माहा."

मावशीनं पाखरांवरची नजर न काढता उत्तर दिलं. "बंद नाही, मीच ठेवला बंद. दर साली मी फोन करतो अन् तू येतं. यंदा म्हटलं, दोरी नाही ओढत. पाहू, येतं का नाही."

"अन् नसतो आलो तं?"

"आला ना," ती म्हणाली. तिनं गोफण माझ्याकडे टाकली. "घे. आता तरी जमते का पाहू."

मी मचाणावर चढलो. खडा झोळीत ठेवला, डोक्यावरून दोन गरके दिले आणि तो बाजूला असतानाच टोक सोडलं. खडा सरळ ज्वारीवरून गेला आणि पोपटांचा अख्खा थवा कलकलत उठला. मावशी खुदकन हसली. खाली गोठ्याच्या भिंतीवर, सकाळीच पुसलेल्या त्या जुन्या डिशसमोर, डबीवर उजेड जमायला लागला होता.

आतून तिची सून ओरडली, "आत्याबाई, चित्र गेलं."

"जाऊ दे," मावशी मचाणावरूनच म्हणाली. "येते."